हुकूमनामाच चुकीचा असेल तर दिवाळखोराने कुठे जायचं?

पुण्याची इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज ही कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा नादारी आणि दिवाळखोरी संहिता नुकतीच लागू झाली होती. आयसीआयसीआय बँकेने डिसेंबर 2016 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात या कंपनीविरुद्ध नादारीची प्रक्रिया सुरू करण्यासाठी अर्ज केला होता आणि पुढच्याच महिन्यात तो मंजूर झाला. कंपनीचं म्हणणं असं होतं, की महाराष्ट्र सरकारने 1958 च्या रिलीफ अंडरटेकिंग्ज कायद्याखाली आम्हाला संरक्षण दिलेलं आहे, त्यामुळे आमचं देणं सध्या स्थगित आहे. 31 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. पण त्याआधी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या निकालाने एक मूलभूत गोष्ट सांगून टाकली. कंपनीचा कारभार नादारी व्यावसायिकाकडे, म्हणजे या प्रक्रियेसाठी नेमलेल्या तज्ज्ञाकडे गेला, की जुन्या संचालकांना कंपनीच्या नावाने अपील चालवता येत नाही. इथे अपील करणारी एकटी कंपनीच होती, म्हणजे अपील मुळात टिकणारं नव्हतं. तरीही संहितेखालचं हे पहिलंच प्रकरण असल्यामुळे न्यायालयाने केवळ त्या मुद्द्यावर दार लावून घेतलं नाही. दोन्ही बाजूंचं पूर्ण ऐकलं आणि सविस्तर निकाल दिला.

कंपन्यांपुरता हा नियम मला योग्य वाटतो. ज्यांच्या हातून कंपनी बुडाली त्यांनी तिच्याच पैशाने वकील लावून वसुली लांबवायची, हा प्रकार आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आला होता आणि तो थांबायलाच हवा होता. शिवाय या नियमाने संचालकांचं तोंड कायमचं बंद झालेलं नाही. कंपनीच्या नावाने नाही, पण स्वतःच्या नावाने ते अपील करू शकतात. संहितेच्या कलम 61 मध्ये शब्द आहेत ‘आदेशाने बाधित झालेली कोणतीही व्यक्ती’, आणि न्यायालयांनी ते शब्द बरेच मोकळेपणाने वाचले आहेत. रुची सोया कंपनीच्या प्रकरणात जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबित संचालकांना धनकोंच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या, समितीपुढे कंपनी सावरण्यासाठी आलेल्या योजनांच्या प्रती मिळाल्या पाहिजेत असं सांगितलं. त्यांनी कंपनीला वैयक्तिक हमी दिलेली असू शकते, योजनेचा भार शेवटी त्यांच्याच अंगावर येऊ शकतो, हे त्यामागचं एक कारण होतं. बैजूजच्या प्रकरणात बीसीसीआयचे सुमारे 158 कोटी रुपये चुकते करून प्रकरण मागे घेण्याची तडजोड झाली होती आणि अपील न्यायाधिकरणाने तिला मान्यताही दिली होती. परदेशी कर्जदात्यांच्या वतीने ग्लास ट्रस्टने तिला आव्हान दिलं आणि 23 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्यता रद्द केली. मूळ भांडण ग्लास ट्रस्टचं नव्हतं. पण एकदा नादारीची प्रक्रिया सुरू झाली की ती दोघांपुरती राहत नाही, तिच्यात सगळ्या धनकोंचं हित गुंतलेलं असतं, ही भूमिका न्यायालयाने घेतली.

म्हणजे कंपनी गप्प झाली तरी तिच्या भोवतीची माणसं बोलू शकतात. संचालक, भागधारक, हमीदार, दुसरा धनको, यांपैकी कोणीतरी उभं राहतंच. माणूस दिवाळखोर ठरतो तेव्हा त्याच्यासाठी असं कोण उभं राहणार? संचालकाला कंपनीचं नाव सोडून स्वतःच्या नावाने दार ठोठावता येतं, माणसाला दुसरं नाव नसतं. त्याच्या बाबतीत कायदा एकाच माणसाचे दोन भाग पाडतो. मालमत्तेचा भाग ती सांभाळायला नेमलेल्या रिसीव्हरच्या किंवा विश्वस्ताच्या ताब्यात जातो आणि उरलेला माणूस कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहतो. ज्या हुकूमनाम्यामुळे, म्हणजे पैसे देण्याच्या कोर्टाच्या निकालामुळे, तो तिथे आला, तो हुकूमनामाच चुकीचा असेल तर ते सांगण्याचा हक्कही मालमत्तेबरोबर जातो का? माझं म्हणणं आहे, की तो जाता कामा नये. आणि आपल्या कायद्यांनी याचं सरळ उत्तर आजवर दिलेलं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. 2016 च्या संहितेतला व्यक्तींच्या दिवाळखोरीचा तिसरा भाग सामान्य माणसाला अजून लागू झालेला नाही. 1 डिसेंबर 2019 पासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. बाकीच्यांसाठी इंग्रजांच्या काळातले दोन कायदे चालू आहेत. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांसाठी 1909 चा, आणि इतर ठिकाणी, म्हणजे नाशिकच्या दुकानदाराला किंवा सांगलीच्या बागायतदाराला, 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. नवी संहिता हे दोन्ही रद्द करणार असं तिच्या कलम 243 मध्ये लिहिलेलं आहे, पण ते कलम अंमलात आलेलं नाही. त्यामुळे पाचशे रुपयांच्या देण्यावर माणसाला नादार ठरवण्याची तरतूद असलेला कायदा आजही जिवंत आहे.

या तिन्ही कायद्यांचा कणा एकच आहे. माणूस नादार ठरला की त्याची मालमत्ता त्याची राहत नाही. 1920 च्या कायद्यात कलम 28 खाली ती न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, मुंबईत ऑफिशियल असाइनीकडे, नव्या संहितेत दिवाळखोरी विश्वस्ताकडे. यावरून इंग्लंडच्या न्यायालयांनी जो निष्कर्ष काढला तो 1993 च्या हीथ विरुद्ध टँग या निकालात सर्वांत स्वच्छ मांडलेला आहे. न्यायाधीश हॉफमन म्हणाले, की पैशाच्या हुकूमनाम्याची वसुली आता फक्त विश्वस्ताच्या ताब्यातल्या मालमत्तेतून होणार असल्यामुळे दिवाळखोराचा त्या हुकूमनाम्याशी संबंध उरत नाही, म्हणून अपीलही त्याचं नाही. आपल्याला दिवाळखोर ठरवणाऱ्या आदेशाविरुद्ध मात्र तो अपील करू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, 1996 मध्ये कमिंग्ज प्रकरणात बहुमताने हीच वाट धरली.

या नियमामागची कारणं खरी आहेत आणि ती मी हलकी मानत नाही. हरलेला माणूस हट्टाला पेटला की वरच्या कोर्टात जातच राहतो. जिंकलेल्या धनकोला प्रत्येक वेळी वकील लावावा लागतो, आणि दिवाळखोर पुन्हा हरला तर त्या खर्चाचा एक रुपयाही वसूल होणार नसतो. गमावण्यासारखं काही उरलेलं नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या खर्चाने अमर्याद लढू देणं अन्यायाचंच आहे. मालमत्तेचा निर्णय एका तटस्थ हाताने घ्यावा, ही कल्पना चांगली आहे.

प्रश्न त्या हाताच्या तटस्थतेचा आहे. नव्या संहितेचं कलम 153 पाहा. मालमत्तेसंबंधी कोणताही दावा आणायचा किंवा लढवायचा, तर विश्वस्ताला धनकोंच्या समितीची मंजुरी घ्यावी लागते. आता ज्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील व्हायला हवं, तो कोणाच्या बाजूने झालेला असतो? बहुतेक वेळा सर्वांत मोठ्या धनकोच्या. तो त्याच समितीत बसतो आणि त्याच्या रकमेच्या वजनाने मत देतो. आपल्याविरुद्ध अपील करायला त्याने मंजुरी द्यावी, अशी ही रचना आहे. कलम 135 मध्ये मत कोणाला नाही ते सांगितलं आहे. रक्कम निश्चित न झालेल्या येण्यापुरतं मत नाही, दिवाळखोराच्या निकटवर्तीयांना मत नाही. पण ज्याच्या हुकूमनाम्यावर वाद आहे त्या धनकोला दूर ठेवणारा शब्द तिथे नाही. जुन्या कायद्यांखाली समितीचा अडसर नाही, पण रिसीव्हरपुढे दुसरी अडचण आहे. हातात असलेली रक्कम सगळ्या धनकोंची, ती अपिलावर घालून अपील फेटाळलं गेलं तर जाब त्याला विचारला जाणार. काहीच केलं नाही तर कोणी विचारणार नाही. अशा जागी बसलेला प्रामाणिक माणूससुद्धा काही न करण्याकडेच झुकतो.

आणि हुकूमनामे चुकीचे असतात का? वसुलीच्या प्रकरणांत प्रतिवादी हजर न राहणं अगदी नेहमीचं आहे. समन्स जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं, नाहीतर मित्राच्या कारखान्याला जामीन राहिलेल्या माणसाला वाटतं की मित्र बघून घेईल. एकतर्फी हुकूमनामा होतो. व्याजाचा हिशोब कोणी तपासलेला नसतो, मधे भरलेल्या पावत्या कोणी दाखवलेल्या नसतात. पतसंस्थेचं कर्ज असेल तर हुकूमनाम्याचीही गरज नसते, महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली निबंधक वसुली दाखला देतात. त्याविरुद्ध पुनरीक्षण मागायचं तर वसूलपात्र रकमेच्या पन्नास टक्के आधी भरा, असं कलम 154 सांगतं. बँकेच्या प्रकरणात कर्जवसुली अपील न्यायाधिकरणाकडे जायचं तरी अर्धी रक्कम भरावी लागते, फार तर ती पंचवीस टक्क्यांपर्यंत खाली येते. घर गेलेल्या, दुकानाला टाळं लागलेल्या जामीनदाराकडून ही रक्कम येणार कुठून? रिसीव्हर ती त्याच्यासाठी भरणार नाही.

या मातीला ही गोष्ट नवी नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा झाला आणि तो पुणे-नगर भागात पसरला. लोकांनी सावकारांकडे मागितले ते कर्जरोखे आणि हुकूमनामे, आणि हाती लागले ते जाळले. शेतकऱ्याचा राग निव्वळ कर्जावर नव्हता, त्या कर्जाला कोर्टाने न पाहता लावलेल्या शिक्क्यावरही होता. त्यानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत कोर्टांवर बंधन आलं, की रोख्यावरचा आकडा तसाच धरायचा नाही, व्यवहाराच्या सुरुवातीपर्यंत मागे जाऊन हिशोब काढायचा. त्या कायद्यात एक विशेष योजना होती. अनेक दाव्यांत अपील ठेवलंच नव्हतं, कारण अपील म्हणजे पैसेवाल्याचं हत्यार हे सरकारने पाहिलेलं होतं. त्याऐवजी खालच्या कोर्टांचे कागद मागवून निकाल दुरुस्त करण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीशाला आणि विशेष न्यायाधीशाला दिला. उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी महादेव गोविंद रानडे यांनी या विशेष न्यायाधीशपदावर काम केलं. कर्जबाजारी माणसाकडे अपिलाची ताकद नसते हे गृहीत धरून, चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी न्यायव्यवस्थेनेच अंगावर घेतली होती. त्या कायद्यात दोष होते, सावकारांनी पळवाटाही काढल्या, पण मुळाशी असलेली समज पक्की होती. ती आपण मधल्या काळात हरवून बसलो आहोत.

दिवाळखोराचा हुकूमनाम्याशी संबंध फक्त मालमत्तेपुरता असतो, हेही मला पटत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 102 आणि 191 प्रमाणे मुक्त न झालेला दिवाळखोर खासदार किंवा आमदार राहू शकत नाही. नव्या संहितेच्या कलम 140 आणि 141 मध्ये यादी आणखी लांब आहे. सार्वजनिक पद नाही, स्थानिक संस्थेत निवडून जाणं नाही, कंपनीचं संचालकपद नाही, परवानगीशिवाय परदेश प्रवास नाही. गावातली पत जाते ती वेगळीच, मुलीचं लग्न ठरवताना समोरचे लोक तो कागद विसरत नाहीत. बदनामीचा किंवा शरीराला झालेल्या इजेचा दावा दिवाळखोराचा स्वतःचा राहतो, तो रिसीव्हरकडे जात नाही, हे तत्त्व जुनं आणि सर्वमान्य आहे, कारण ते दुखणं त्याच्या देहाचं आणि नावाचं. मग ज्या निकालाने त्याचं नाव गेलं त्या निकालाशी त्याचा काही संबंध नाही असं कसं म्हणायचं? आपली दिवाणी प्रक्रिया संहिता तर निर्धन माणसाला कोर्ट फी न भरता अपील करू देते, चव्वेचाळिसावा आदेश त्याचसाठी आहे. गरिबीमुळे अपिलाची वाट बंद होऊ नये हे तत्त्व आपण एका बाजूला मान्य केलेलं आहे, आणि ज्याची गरिबी कोर्टानेच जाहीर केली त्याच्यापुरतं ते दुसऱ्या बाजूला मोडलेलं आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेतली तरतूदही अपुरी आहे. बाविसाव्या आदेशाचा आठवा नियम वादी नादार झाल्यावर काय करायचं ते सांगतो, आणि अकराव्या नियमाने तोच अपीलकर्त्याला लागू होतो. असाइनी किंवा रिसीव्हर धनकोंच्या हितासाठी प्रकरण पुढे नेऊ शकत असेल तर ते बंद पडत नाही. पण त्याने नकार दिला, किंवा खर्चाचं तारण भरलं नाही, तर समोरचा पक्ष अर्ज करून ते फेटाळून घेऊ शकतो. म्हणजे अपील चालू असताना माणूस नादार झाला, तर त्याचं अपील संपवण्याची किल्ली हुकूमनामा मिळवणाऱ्याच्या हातात येते. आणि अपील अजून दाखलच झालेलं नसेल तर? त्याबद्दल हा नियम काही बोलत नाही. तीस किंवा नव्वद दिवसांची मुदत मात्र, रिसीव्हर विचार करत बसला तरी, सरत राहते.

चुकीचा हुकूमनामा फक्त दिवाळखोराचं नुकसान करतो असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्याच हायकोर्टाने 17 ऑगस्ट 2017 रोजी रॅमसे विरुद्ध कॉम्प्टन या प्रकरणात निकाल दिला. एका हमीदाराविरुद्ध सुमारे 98 लाख डॉलरचा हुकूमनामा झालेला होता. मूळ दाव्यात त्याने रकमेवर वादच घातला नव्हता. पुढे दिवाळखोरीच्या अर्जात हिशोबाचे असे कागद पुढे आले, की मुळात देणं होतं की नाही याचीच शंका यावी. न्यायालयाने सांगितलं, की हुकूमनामा दोन्ही बाजू ऐकून झालेला असला तरी त्याच्यामागे खरं देणं आहे का हे दिवाळखोरीच्या न्यायालयाने पाहायला हवं, कारण इतर धनकोंचं हित त्यात अडकलेलं असतं. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खोट्या किंवा फुगवलेल्या देण्याचा धनको पंक्तीत बसला की कामगाराच्या थकलेल्या पगाराचा, सूत पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा घास कमी होतो. दिवाळखोराला बोलू दिलं तर त्यांचंही भलं होतं. हिशोबाची कागदपत्रं, पावत्या, कोणी किती उचल केली याची माहिती सर्वांत जास्त त्याच्याकडेच असते.

1920 च्या कायद्याच्या कलम 50 मध्ये या विचाराचा अर्धा भाग आहे. धनकोंच्या यादीत चुकीची नोंद झाली असेल तर रिसीव्हर ती काढून टाकण्याची मागणी करू शकतो. रिसीव्हरने लक्ष घातलं नाही तर दुसरा धनको तीच मागणी थेट न्यायालयाकडे करू शकतो. ऋणको, म्हणजे कर्जदार, मात्र ती तेव्हाच करू शकतो, जेव्हा तडजोडीची योजना झालेली असते. इतर वेळी त्याच्या देण्याची यादी त्याच्या सहभागाशिवाय पक्की होते. नव्या संहितेच्या कलम 141 मध्ये दार थोडं जास्त उघडं आहे. दिवाळखोरीतल्या देण्यांबाबत कायदेशीर कारवाई चालवायला दिवाळखोर अपात्र आहे, पण न्यायाधिकरणाच्या पूर्वपरवानगीने तो ती चालवू शकतो. परवानगी कोणत्या कसोटीवर द्यायची, किती दिवसांत द्यायची, तोवर अपिलाची मुदत थांबेल का, यावर ते कलम गप्प आहे.

या परवानगीला ठोस रूप द्यायला हवं, आणि ते फार अवघड नाही. विश्वस्ताने किंवा रिसीव्हरने अपील करायला नकार दिला तर त्याने कारणं लिहून द्यावीत. हुकूमनामा एकतर्फी असेल, समन्स नीट बजावलेलं नसेल, हिशोबात दिसण्याजोगी चूक असेल किंवा फसवणुकीचा सबळ आरोप असेल, तर न्यायालयाने दिवाळखोराला स्वतःच्या नावाने आव्हान देऊ द्यावं. खर्च मालमत्तेतून नको, तो त्याच्या भावाने, मित्राने उचलावा आणि समोरच्याच्या खर्चापुरतं तारण भरावं. अपील यशस्वी झालं तर तो खर्च मालमत्तेतून सर्वांत आधी परत मिळावा, कारण त्याचा फायदा सगळ्यांना झालेला असेल. ज्याच्या हुकूमनाम्यावर वाद आहे त्या धनकोला समितीतल्या त्या एका ठरावावर मत नसावं. परवानगीचा अर्ज निकाली निघेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळावेत. हट्टी माणसाला चाळणारी गाळणी परवानगीच्या पायरीवरच असेल, त्यामुळे अपिलांचा पूर येईल ही भीती मला बाळगावीशी वाटत नाही.

संहितेचा तिसरा भाग सगळ्यांना लागू करण्याआधी केंद्राने हे करावं. पण तोपर्यंत महाराष्ट्राने हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. दिवाळखोरी आणि नादारी हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत नवव्या क्रमांकावर आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन विधानसभा आणि विधान परिषद 1920 च्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करू शकतात. कलम 50 मध्ये धनकोला जो हक्क आहे तोच, न्यायालयाच्या परवानगीने, ऋणकोला द्यायचा, एवढ्यासाठी एका वाक्याचा बदल पुरेसा आहे, आणि तो येत्या अधिवेशनात मांडता येईल.